गच्चीवर सोलर, मैदानात टर्फ आणि गेटवर भाऊंची पाटी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका ३२ फ्लॅटच्या सोसायटीच्या सेक्रेटरी लिहितात. वय ४४, नोकरी पतसंस्थेत, सेक्रेटरीपद ‘कोणीच तयार नव्हतं म्हणून’ गळ्यात पडलेलं. सोसायटीला लागून ले-आउटची मोकळी जागा आहे. संध्याकाळी मुलं तिथं क्रिकेट खेळतात. जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, त्यात परिसरातले एक ‘भाऊ’ थोडक्यात पडले. पडले तरी त्यांचं येणं-जाणं थांबलेलं नाही. गेल्या महिन्यात त्यांनी कमिटीला रविवारी मिसळीला बोलावलं आणि सांगितलं, ‘तुमच्या गच्चीवर सोलर बसवून देतो, मोकळ्या जागेत जाळी मारून कृत्रिम गवताचं टर्फ करतो, चार फ्लडलाइट लावतो. सगळं स्वखर्चानं. तुमचं ना-हरकत पत्र तेवढं द्या आणि गेटवर सौजन्याची एक पाटी लावू द्या.’

सोसायटीत वीस-बावीस घरं खूश आहेत. पहिल्या मजल्यावरच्या एका काकांनी लेखी विरोध केलाय. रात्री उशिरापर्यंत आरडाओरडा चालेल आणि घरात आजारी माणूस आहे, असं त्यांचं म्हणणं. ताईंनाही हे पटत नाही. ‘सोसायटीत राजकारण शिरू नये’ असं त्यांनी ग्रुपवर लिहिलं, तर ‘विकासाला आडव्या येतात’ असं उत्तर आलं. तेरा वर्षांचा मुलगा चार दिवस धड बोलत नाही. नवरा म्हणतो, सही कर आणि मोकळी हो. (नवऱ्याचं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान आहे, भाऊंच्या कामांचा थोडाफार माल तिथून जातो.) त्यांचा प्रश्न: राजीनामा देऊ की डोळे मिटून सही करू?

ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि मला आमच्या जुन्या बिल्डिंगखालचा बाक आठवला. कॉलेज रोडच्या मागच्या बाजूला राहायचे तेव्हाची गोष्ट. एका नेत्यानं सिमेंटचा बाक दिला होता, पाठीवर नाव आणि चिन्ह रंगवलेलं. पुढच्या निवडणुकीआधी त्यानं पक्ष बदलला, मग जुन्यावर पांढरा हात मारून नवं चिन्ह आलं. त्यापुढच्या खेपेला दुसराच कोणी निवडून आला आणि त्यानं आपलं नाव रंगवलं. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघाले आणि खालची नावं वर डोकावू लागली. पांढरा सदरा घालून टेकून बसलेला माणूस उठला की पाठीवर तिरंगी ठसे. इथवर गंमत होती. मग बाकाचा एक पाय खचला. आम्ही म्हणालो, साहेबांचा बाक आहे, ते बघतील. साहेबांची माणसं म्हणाली, तुमच्या आवारात आहे, तुम्ही बघा. तो बाक तसाच तिरपा सहा वर्षं उभा होता. म्हाताऱ्यांनी त्याच्या वरच्या टोकाला बसायचं, एवढीच सोय.

तुमच्याकडे बाकाऐवजी गच्चीभर पॅनेल येणार आहेत. त्यांचा पाय खचला तर कोण बघणार, तिथून सुरुवात करू.

पण त्याआधी तुमच्या एका वाक्याशी मला थोडं भांडायचंय. ‘सोसायटीत राजकारण शिरू नये.’ अहो, ते कधीच शिरलंय. नळाला पाणी किती वाजता येतं, घंटागाडी तुमच्या गल्लीत वळते की कोपऱ्यावरच थांबते, मोकळ्या जागेत गाजरगवत कोण काढतं, हे सगळं राजकारणच आहे. आणि तुम्हीच पत्रात लिहिलंय की गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी भरलं तेव्हा रात्री अकरा वाजता हेच भाऊ पंप घेऊन आले. ते वाक्य तुम्ही घाईनं उरकलंत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. मार्च २०२२ मध्ये नाशिक महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत आपल्याकडे निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. प्रशासक होते. प्रशासकाला रात्री अकराला फोन कोण लावणार? जवळजवळ चार वर्षं ही पोकळी होती आणि गल्लोगल्लीच्या भाऊंनी, दादांनी, अण्णांनी ती भरली. कोणी मनापासून, कोणी हिशेबानं, बहुतेकांनी दोन्ही मिळून. त्यामुळे हा माणूस लबाडच असणार, या गृहीतकावर निर्णय घेऊ नका. तो अगदी सज्जन असला तरी माझं उत्तर हेच असतं.

दुसरं गृहीतक असं की ही एकच ऑफर आहे आणि तिला हो किंवा नाही म्हणायचंय. मिसळीच्या टेबलावर ती एका ताटात वाढली गेली खरी. पण त्यात तीन वेगळे पदार्थ आहेत. गच्ची तुमची आहे. मोकळी जागा कोणाची ते अजून बघायचंय. पाटी भाऊंची आहे. तिन्हींचा निर्णय वेगवेगळा व्हायला हवा.

आधी सोलर, कारण सगळ्यांची नजर त्यावर आहे आणि त्याचा हिशेब एकानंही मांडलेला नाही.

कॉमन मीटरचं बिल महिना तेरा-चौदा हजार येतं, असं तुम्ही लिहिलंय. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिने, पार्किंग, गेटचे दिवे. युनिट किती ते तुम्ही लिहिलेलं नाही, बिलावर बघा. या रकमेला साधारण ९०० युनिट असावेत असं धरते. आपल्याकडच्या उन्हात १ किलोवॅटचं पॅनेल वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देतं, म्हणजे महिन्याला १२०. तुम्हाला ८ किलोवॅट पुरेल. १ किलोवॅटला सावली न पडणारी साधारण १०० चौरस फूट जागा लागते, म्हणजे ८०० चौरस फूट. बत्तीस फ्लॅटच्या गच्चीवर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून एवढी जागा निघते.

आता पैसे. किलोवॅटला ५५ हजार धरले तर ४ लाख ४० हजार. हा माझा अंदाज आहे. पॅनेल उंच सांगाड्यावर घेतलंत तर वाढेल. फेब्रुवारी २०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना सुरू आहे. तिची ७८ हजारांची जाहिरात सगळ्यांना पाठ असते, पण ती रक्कम ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त बसवणाऱ्या स्वतंत्र घराला मिळते. सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८ हजार मिळतात, तेही पॅनेल आणि त्यातले सेल देशात बनलेले असतील तरच. या धंद्यातले लोक त्याला डीसीआर पॅनेल म्हणतात. ८ किलोवॅटचे १ लाख ४४ हजार झाले. उरले २ लाख ९६ हजार. त्याला ३२ नं भागा.

प्रत्येक घराला सव्वानऊ हजार रुपये.

ताई, एवढ्यासाठी गेटवर पाटी लावायची चर्चा चालू आहे. तुमच्या ग्रुपवर जे लोक विकासाच्या गप्पा मारतात त्यांच्यातल्या निम्म्यांच्या हातातला मोबाइल याहून महाग असेल. तीन हप्त्यांत घेतलं तर महिन्याला तीन हजार आणि वर शंभर. बिलातले दरमहा अकरा हजार वाचले, तर सव्वादोन-अडीच वर्षांत पैसे वसूल. स्थिर आकार वगैरे चालूच राहील, बिल शून्यावर येईल असं कोणाला सांगू नका.

आणखी दोन गोष्टी सभेत आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर त्या तुमच्या नावावर जमा होतील. एक, असं सोलर बसवलं म्हणजे लाइट गेल्यावर लिफ्ट चालेल असं नाही. महावितरणची लाइन बंद झाली की गच्चीवरचं इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र, आपोआप बंद पडतं. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तशी रचनाच असते. बॅटरी लावायची तर खर्च वेगळा. दुसरं, जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे तयार केलेली आणि वापरलेली वीज एकमेकांतून वजा करायच्या पद्धतीत, एप्रिल-मेमध्ये जास्तीचे तयार झालेले युनिट खात्यात जमा राहतात आणि पावसाळ्यात वजा होतात. त्याचा हिशेब ३१ मार्चला संपतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवायचा हट्ट नको.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. सांगाड्याचे पाय एकदा रोवले की गळती शोधणं म्हणजे डोकेदुखी. आणि वरच्या मजल्यावरच्या बायका एप्रिलमध्ये कुरडया कुठं वाळत घालणार, हे त्यांनाच विचारून सांगाड्याची उंची ठरवा. मी असा सांगाडा बघितलाय ज्याखालून वाकून जावं लागतं. तिथं आता फक्त कबुतरं जातात.

आता त्या खचलेल्या पायाकडे येऊ. पॅनेलची हमी साधारण २५ वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. हमीचा कागद आणि बिल ज्याच्या नावावर, त्याचीच तक्रार कंपनी ऐकणार. भाऊंनी पैसे दिले तर बिल कोणाच्या नावाचं? अनुदान सोसायटीच्या खात्यात येईल, ते कोणाचं? सातव्या वर्षी इन्व्हर्टर गेलं तर तुमची कमिटी कोणाच्या दारात उभी राहणार? पंचवीस वर्षांत पाच निवडणुका होतात. तितकी वर्षं भाऊ याच प्रभागात, याच पक्षात आणि याच मूडमध्ये असतील, असं खुद्द भाऊही सांगणार नाहीत.

म्हणून सोलरबद्दल माझं मत सरळ आहे: बसवा, आणि स्वतःच्या पैशानं बसवा. योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे, तिघांकडून लेखी दर मागवा. कॉमन मीटरचा मंजूर भार बिलावर लिहिलेला असतो. तो ८ किलोवॅटपेक्षा कमी असेल तर तो कसा वाढणार, हे महावितरणला आधीच विचारा.

मैदानाचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथं तुम्ही जास्त सावध राहायला हवं.

मोठ्या ले-आउटला मंजुरी घेताना मोकळी जागा सोडावी लागते. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ०.४ हेक्टर, म्हणजे एक एकराच्या आसपास किंवा त्याहून मोठ्या जागेत १० टक्के सोडायला सांगितलंय. तुमचा ले-आउट जुना असेल तर तेव्हाचा नियम बघावा लागेल. ही जागा काही ठिकाणी महापालिकेच्या नावावर झालेली असते, काही ठिकाणी सगळ्या प्लॉटधारकांची सामाईक असते. तुमची कोणती, हे भाऊंच्या बोलण्यावरून ठरत नाही आणि तुमच्या समजुतीवरूनही नाही. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा, नगररचना विभागातून मंजूर ले-आउटचा नकाशा मिळवा. मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. तोवर सही करायची नाही. जी जागा तुमची नाही तिच्यासाठी तुम्ही ना-हरकत पत्र दिलंत, तर उद्या ‘सोसायटीनं लिहून दिलं होतं’ म्हणून तोच कागद पुढे येईल. खाली सही तुमची असेल, ग्रुपवर अंगठे दाखवणाऱ्यांची नसेल.

जागा कोणाची हे कळल्यावर पुढचा प्रश्न: किल्ली कोणाकडे? शहरात जागोजागी जाळीतली टर्फं उभी राहिली आहेत आणि ती ताशी भाड्यानं चालतात. तुमचं टर्फ पहिले सहा महिने फुकट असेल. नंतर ‘देखभालीचा खर्च’ म्हणून रात्री बाहेरच्या टीमना बुकिंग सुरू झालं, तर संध्याकाळी सहाला तुमचा मुलगा जाळीबाहेर उभा राहून आत बघत असेल. असं होईलच असं मी म्हणत नाही, पण भाऊंना हे विचारलं का? लेखी घेतलं का? आणि फ्लडलाइटचं बिल कोणत्या मीटरवर? ४०० वॉटचे चार दिवे रोज चार तास चालले तर महिन्याला १९० च्या वर युनिट होतात. ते तुमच्या कॉमन मीटरला जोडले, तर ८ पैकी दीड किलोवॅट सोलर फक्त त्या दिव्यांसाठी राबणार.

मुलाच्या बाजूनंही बोलते, कारण पत्रात त्याची बाजू अर्ध्या ओळीत आटोपली आहे. त्याला टर्फ हवंय यात काही चूक नाही. दगडगोट्यांच्या जागेत डाइव्ह मारली की गुडघा फुटतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. कृपा करून त्याला सावरपाड्याच्या कविता राऊतचं उदाहरण देऊ नका, की बघ, काही नसताना तिनं २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये पदक आणलं. किंवा चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघ, २०१६ ला रिओमध्ये नाव वल्हवत होता. नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलानं ही दोन नावं आई-बापाच्या तोंडून टोमण्यासारखी ऐकलेली असतात. त्या दोघांना चांगलं मैदान लवकर मिळालं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र आपण विचारत नाही.

त्यापेक्षा त्याला कामाला लावा. तो आणि त्याचे मित्र त्या जागेत रोज काय काय खेळतात, किती वाजता, किती जण, पाऊस पडला की पाणी कुठं साचतं, हे त्यांना एका कागदावर काढून आणायला सांगा. मला खात्री आहे की यादीत टर्फच्या आधी सपाटीकरण येईल, मग पिण्याच्या पाण्याचा नळ, मग गाड्यांच्या बाजूला उंच जाळी. आणि सहज विचारा, यात मुली किती. तुमच्या पत्रात ‘मुलं’ म्हणजे मुलगेच आहेत असं वाटलं. बारा-तेरा वर्षांच्या मुली तुमच्या सोसायटीतही असतीलच. संध्याकाळी त्या कुठं असतात?

हा कागद महापालिकेकडे न्यायचा. आपल्याकडे ३१ प्रभाग आणि १२२ नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. चौघांचं काम ते कोणाचंच नाही, हा अनुभव आपल्याला आहे. म्हणून एकच पत्र चौघांच्या नावानं लिहा, खाली बत्तीस घरांच्या सह्या घ्या, एक प्रत विभागीय कार्यालयात द्या आणि पोच घेऊन या. शिक्का मारलेली पोच. जागा महापालिकेची असेल तर ती सपाट करणं, दिवा लावणं, नळ देणं हे तिचं काम आहे आणि त्यासाठी तुम्ही घरपट्टी भरता. वेळ लागेल. भाऊ पंधरा दिवसांत करतील ते महापालिका कदाचित वर्षभरात करेल, हा फरक मी झाकत नाही. पण त्या कामावर मालकी सांगायला कोणी येणार नाही.

दिव्यांचं म्हणाल तर उंच फ्लडलाइटपेक्षा कमी उंचीचे, खाली झुकवलेले दोन एलईडी पुरतात. त्यांना टायमर लावा आणि नऊला बंद करा. टायमर लागला की रोज ‘बस झालं आता’ असं ओरडायला कोणी काका लागत नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. क्रिकेटच्या ओरडण्याला लाउडस्पीकरचा नियम लागत नाही, पण एकदा टूर्नामेंट सुरू झाली की कॉमेंट्रीचा माइक आलाच.

पाटीबद्दल फार लिहीत नाही. विद्रूपीकरण रोखण्यासाठी १९९५ पासून राज्यात कायदा आहे, विनापरवाना फलकांवर मुंबई उच्च न्यायालयानं वेळोवेळी फटकारलंय, तरी आपल्या चौकांत वाढदिवसाचे चेहरे हलतात का? तुमच्या हातात तुमचं गेट आहे. तिथं सोसायटीच्या नावाशिवाय काही लागणार नाही, असा ठराव एकदाच करून ठेवा. मग प्रश्न भाऊंचा राहत नाही. उद्या दुसरा कोणी आला तरी तोच ठराव दाखवायचा.

आता त्या कंसाकडे. ताई, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. राजीनाम्याचा विचार भाऊंमुळे किंवा ग्रुपमुळे आला असं मला वाटत नाही. तो या वाक्यामुळे आलाय. सही केली तर ‘नवऱ्याच्या धंद्यासाठी केली’ आणि नाही केली तर घरात ताण. मधल्यामध्ये तुम्ही.

नवऱ्याशी बोला, पण तत्त्वावरून सुरू करू नका. आकडा विचारा. वर्षाच्या विक्रीतला किती माल भाऊंच्या कामांना जातो? शंभरातले पाच रुपये असतील तर बोलणं अर्ध्या तासात संपेल. चाळीस असतील तर तुमच्या घराचा हप्ता त्यात अडकलाय आणि त्यांचं ‘सही कर आणि मोकळी हो’ हे बेफिकिरीतून आलेलं नसून भीतीतून आलेलं आहे. मग त्यांच्याशी त्या भीतीबद्दल बोलावं लागेल. दोन्ही बाबतींत एक गोष्ट मात्र तशीच राहते: या सोलरचा आणि मैदानाचा एक मीटर वायरही तुमच्या दुकानातून जाऊ नये. ऑर्डर जाईल, नुकसान होईल. ते लहान आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या खिशातून जात नाहीये.

आणि हे सगळं सभेत तुम्हीच आधी सांगा. सुरुवातीलाच उभं राहून: ‘माझ्या मिस्टरांच्या दुकानातून भाऊंच्या कामांना माल जातो. म्हणून या विषयावर मी मत देणार नाही आणि आमच्या दुकानातून काही घेतलं जाणार नाही. हे इतिवृत्तात लिहा.’ एवढंच. ग्रुपवरच्या कोणीतरी ते शोधून काढलं, तर तेच वाक्य आरोप बनून येईल.

राजीनामा देऊ नका. सेक्रेटरीनं एकटीनं सही करून गच्ची देऊन टाकता येतच नाही, ते सर्वसाधारण सभेचं काम आहे. घरातला आकडा मोठा निघाला, तर फक्त या विषयापुरती सूत्रं खजिनदारांकडे द्या आणि बाकीचं काम चालू ठेवा. विशेष सर्वसाधारण सभा बोलवा, पूर्ण पाच दिवस आधी नोटीस द्या आणि तीन ठराव वेगळे मांडा: गच्ची, मैदान, गेट. एकत्र मांडलेत तर टर्फवाले सोलरच्या पाठीवर बसून जातील. तुमची इमारत सोसायटीऐवजी अपार्टमेंट म्हणून नोंदलेली असेल तर नियम वेगळे लागतात. नाशकात अशा बऱ्याच आहेत आणि तिथले लोकही स्वतःला सोसायटीच म्हणतात, म्हणून आधी नोंदणीचा कागद काढा. हे बाकीच्या वाचकांसाठीही. कोणाकडे सोलर येत असेल, कोणाकडे ओपन जिम, कोणाकडे पेव्हर ब्लॉक किंवा गेटची कमान. देणारा कोणीही असो, आधी तीन गोष्टी विचाराव्यात: बिल कोणाच्या नावावर, किल्ली कोणाकडे आणि बिघडलं तर फोन कोणाला.

भाऊंना निरोप पाठवू नका, भेटायला जा. दोन-तीन जण जा, आणि त्यातला एक टर्फच्या बाजूचा असू द्या. त्यांना सांगा, ‘भाऊ, त्या रात्री तुम्ही पंप आणलात ते आम्ही विसरलो नाही. सोलर आम्ही वर्गणीतून करतोय. मैदानासाठी महापालिकेत पत्र दिलंय, तुमची तिथं ओळख आहे, फाइल कुठं अडली ते तेवढं बघा.’ यातून त्यांना एक खरं काम मिळतं. ते काम त्यांनी केलं तर पुढच्या निवडणुकीत तुमच्या सोसायटीनं त्यांना मत द्यावं की नाही, हे प्रत्येकानं आपापलं ठरवावं. ते रागावण्याचीही शक्यता आहे. मग पुढच्या पावसाळ्यात रात्री अकराला फोन उचलला जाणार नाही. म्हणून सोलरच्या वर्गणीतच थोडे पैसे वाढवून एक मड पंप घेऊन ठेवा, आणि तो वॉचमनला चालवता येतो का ते मे महिन्यातच बघा.

सभेची नोटीस ग्रुपवर टाका, पण पहिल्या मजल्यावरच्या काकांना ती हातात नेऊन द्या. संध्याकाळी साडेसहाला जा, खाली खेळ रंगात आलेला असतो तेव्हा. आजारी माणसाची खोली मैदानाच्या बाजूला आहे का बघा, आणि चहा घेत थोडा वेळ तिथंच बसा.